धुतलेली करवंदं

आमच्या आवारात पाणी नव्हतं आणि शेजाऱ्यांशी बोलणं नव्हतं. आईनं दोन्हींवर एकच उपाय काढला, करवंदाचं कुंपण. पाण्यापुरतं म्हणाल तर उपाय पक्का लागू पडला. शेजाऱ्यांचं सांगायला बसले आहे. आधीच सांगून ठेवते, माझ्या जिभेला गोडवा नाही, तेव्हाही नव्हता.

बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. वर्ध्यातलं भाड्याचं घर सोडून त्यांनी नालवाडीच्या टोकाला जागा घेतली तेव्हा मी तिसरीत होते. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मागं कपाशीची वावरं, पुढं मुरुमाचा उघडा तुकडा आणि मध्ये आमचं दोन खोल्यांचं घर. विहीर होती, पण मार्च सरला की तिच्यात पोहरा टाकला तरी गाळच वर यायचा. बाबांनी हौसेनं मोगरा, पेरू, लिंबू लावलं. पहिल्या उन्हाळ्यानं तिघांना होरपळवलं आणि उरलेल्या काड्या बकऱ्यांनी चघळल्या. बाबा म्हणाले, जमीनच खराब आहे. आई म्हणाली, "जमीन नाई खराब. झाडं लाडाचे आणले तुमी. म्या माह्या माहेरून आणतो."

आईचं माहेर तळेगावच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत. तिथं करवंदीची जाळी कुणी लावत नाही आणि कुणी पाणीही घालत नाही. जूनच्या सुरुवातीला ती एकटी एस.टी.नं गेली आणि गाडगंभर पिकली करवंदं घेऊन आली. मला वाटलं खायला आणली. तिनं मला मूठभर दिली आणि बाकीची पाण्यात कुस्करली. "बी वाळलं का मेलं," म्हणाली. "आज-उद्यात लावा लागते." बिया राखेत घोळवून, सावलीत पसरून, दुसऱ्या दिवशी वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत बोटाच्या पेराएवढ्या खोल पेरल्या. डब्यांच्या बुडाला बाबांनी खिळ्यानं भोकं पाडून दिली. तेवढीच त्यांची मदत.

तीन आठवड्यांनी दोन-दोन चकचकीत पानं वर आली. आणि मग थांबली! रोप वाढेचना. मी रोज शाळेतून येऊन पट्टीनं मोजायची. वर्षभरात वीतभर. बाबा चिडवायचे, "तुह्या आईचं कुंपण तुह्या लग्नापर्यंत गुडघ्याले लागंन." आई हसायची नाही. ती म्हणायची, ते खाली चाललं आहे, वर येईल तेव्हा येईल. पुढच्या पावसाळ्यात तिनं स्वतः सब्बल घेऊन मुरुमात खड्डे खोदले, दोन-दोन हातांवर एक. शेणखत, वावरातली काळी माती आणि रोप. बकऱ्यांसाठी भोवती बाभळीच्या फांद्या. पहिल्या उन्हाळ्यात दर चौथ्या दिवशी रोपाला एक लोटा, तोही भांडी घासलेल्या पाण्याचा. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा. तिसऱ्या उन्हाळ्यात आईनं लोटा उपडा घातला आणि रोपांना म्हणाली, "आता तुमचं तुमी पाहा."

आणि त्यांनी पाहिलं. त्या मेमध्ये वर्ध्यात कौलं तापून तडकत होती, रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. आमच्या आवाराच्या चारही बाजूंना मात्र हिरवंगार. पान जाड, वरून चकचकीत, मोडलं की पांढरा चीक. पाचव्या वर्षी पांढरी फुलं आली आणि सगळं आवार घमघमलं. ज्याला म्हणून पाणी लागतं असं एकही झाड आमच्याकडं जगलं नाही आणि हे बिनपाण्याचं माणसाच्या छातीला लागलं.

कुंपण झालं तसं बिऱ्हाडं येऊ लागली. बुलबुलांनी दरवर्षी आत घरटं करायचं, कारण मांजराला काटे सोसत नाहीत. सातभाई खालच्या पाचोळ्यात कालवा करत फिरायचे. फुलांवर शिंजीर पाखरं आणि काळे भुंगे. एक मुंगसीण तीन पिल्लं घेऊन सकाळी नेमानं आवार ओलांडायची. एकदा धामण निघाली तेव्हा बाबा काठी घेऊन धावले. आईनं काठी हिसकून घेतली. "उंदरं तुमी खासान का?" पाचोळा जाळायचा नाही, घरट्याचे दिवस संपेपर्यंत फांदी छाटायची नाही, आणि छातीच्या वरचं फळ तोडायचं नाही, ते पाखरांचं, असा तिचा कायदा. आजकाल लोक अशा बागेची मोठी कौतुकं करतात. माझ्या आईला ही बाग करते आहोत हेही माहीत नव्हतं. तिला कुंपण हवं होतं आणि ज्यांनी ते राखलं त्यांना ती भाडं देत होती.

आता काकू. आमच्या कुंपणाच्या पलीकडं जुनं कास्तकाराचं घर होतं. मोठं आवार, बैलजोडी, कोपऱ्यात उकिरड्याचा खड्डा. त्या घरची सून आईच्याच वयाची. तिला मी काकू म्हणायची. आम्ही राहायला आलो तेव्हा पहिली पाच-सहा वर्षं तिनं आईशी शब्द काढला नाही. आम्ही बौद्ध. छप्पन साली, लग्न नुकतं झालेलं असताना, आई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. काकूच्या घरी ते माहीत होतं, सगळ्या वस्तीला माहीत होतं. कुणी भांडत नव्हतं. फक्त आमच्या घराकडं पाहताना त्यांची नजर आरपार जायची, जसं काही तिथं वावरच आहे.

करवंद धरल्यावर मात्र काकू कुंपणाशी आली. वैशाखात, हिरव्या फळांच्या वेळी. "मास्तरीणबाई, लोणच्याले चार घेऊ का?" मास्तरीणबाई! आई दिवसभर जमिनीवर नव्हती. बाबा शाळेतून आले तर पाणी द्यायच्या आधी तेच सांगितलं. "घेऊ का म्हणे. मले मास्तरीणबाई म्हणे." काकूनं तिच्या बाजूनं टोपलंभर तोडली. महिन्यानं लोणचं आलं. आईनं वाटी कुंपणावरून पुढं केली आणि काकूनं वीतभर वरून चमच्यानं लोणचं सोडलं. एक शिंतोडाही काकूच्या हाताला लागला नाही. वाटीला वाटी लागली नाही. आम्ही ते लोणचं बोटं चाटून खाल्लं. मीही खाल्लं, दोनदा मागून खाल्लं. आज लिहिताना स्वतःच्याच तोंडात मारावंसं वाटतं.

मग रोजचं बोलणं सुरू झालं. भाजी काय केली, विहिरीचं पाणी कुठवर आलं, सासूचे गुडघे, कापसाची बोंडं. एक अलीकडं, एक पलीकडं, मध्ये काटे. आईचं वस्तीत दुसरं कुणीच नव्हतं हो. बाबा शाळेत, मी शाळेत, आमची माणसं सिंदी मेघेला नाही तर पार गावाकडं. चार वाजले की ती केसांना तेल लावून, पदर नीट करून कुंपणाशी उभी राहायची. काकूला यायला उशीर झाला तर उगाच पाचोळा सारखा करायची. तिला त्या घरात जायचं नव्हतं, जेवायला बसायचं नव्हतं. आपण दिलेलं एक फळ काकूनं खावं, एवढंच तिला हवं होतं. ती हे बोलून दाखवायची. "म्या लावलेलं हाय. तिनं खाल्लं पाह्यजे."

म्हणून ज्येष्ठात फळ काळं झालं की आई द्रोण भरायची. आधी तिनं स्टीलची वाटी भरून देऊ केली होती. काकू म्हणाली, वाटी नको, वापस करायची कटकट. आई म्हणाली, बरोबर आहे बिचारीचं, घरात कामाचा किती रगाडा. मग ती पळसाच्या पानांचे द्रोण करू लागली. बाकीच्या बाया काडी टोचून द्रोण लावतात. आईकडं शिवणयंत्र होतं, तिला काडीचं काम अर्धवट वाटायचं. ती पांढऱ्या दुहेरी दोऱ्यानं टाके घालायची आणि शेवटी गाठ मारायची.

आणि करवंदं धुवायची. एकदा नाही, तीनदा. पहिल्या पाण्यात चीक जातो, दुसऱ्यात माती, तिसरं आपल्या समाधानासाठी. दीक्षा घेऊन आली तेव्हापासून स्वच्छता हाच तिचा नेम होता. अंगण दिवसातून दोनदा झाडलेलं, भांडी आरशासारखी, माझी नखं शनिवारी तपासलेली. आपल्याला कुणी घाण म्हणू नये. बोट दाखवायला जागा ठेवायचीच नाही. तिला करवंदं धुताना पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही बाई सोन्याचे मणी धुऊन राहिली आहे.

द्रोण कुंपणावरून देताना काकू दरवर्षी एकच प्रश्न विचारायची. "धुतली त नाई ना, मास्तरीणबाई?"

आणि आई दरवर्षी अभिमानानं सांगायची, "वा, न धुता कशी देईन? तीनदा धुतली!"

काकू "बरं" म्हणायची आणि द्रोणाच्या कडा दोन बोटांत धरून आत जायची. आईला वाटायचं, धुतलेलं फळ टिकत नाही म्हणून विचारते. "लगेच खाऊन टाकजा," असं ती मागून ओरडून सांगायची. मलाही तसंच वाटायचं. मी शिकलेली पोरगी, पण तो प्रश्न माझ्याही डोक्यावरून गेला.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते त्या वर्षीची गोष्ट. श्रावणातली सकाळ. काकूच्या आवारातली बकरी आमच्या कुंपणाचे नवे शेंडे खात होती, तिला हाकलायला मी पलीकडं गेले. उकिरड्याच्या काठानं जाताना पाय थांबला. दरवर्षी वैशाखात खड्ड्यातलं खत वावरात जातं, खड्डा रिकामा होतो. त्या रिकाम्या खड्ड्याच्या कडेला, शेणाच्या पहिल्या थरातून, चकचकीत पानांची रोपं निघाली होती. दोन-दोन पानं. ती पानं मी पट्टीनं मोजून मोठी झाले होते, ओळखायला मला वेळ लागणार नव्हता. करवंदं! एकाला एक चिकटून, मूठभर जागेत तीस-चाळीस.

मी आईला हाक मारली. ती कुंपणाच्या अलीकडून टाचा उंच करून पाहू लागली. पाहिलं आणि लगेच म्हणाली, "पाखरांनं टाकलं असंन."

"पाखरू एका जागी बसून चाळीस बिया टाकते का?"

"मंग मुंगसानं असंन. तू ये इकडं. लोकायच्या आवारात काऊन गेली?"

तिचा आवाज घाईचा होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तिला कळलं आहे. पण माझ्या नाकावर राग बसलेला. मला वाद जिंकायचा होता. हिरवी फळं काकू स्वतः तोडायची, लोणच्याची. हिरव्या फळाचं बी उगवत नाही. पिकलेली फक्त एकाच वाटेनं त्या घरात जायची. मी वाकून रोपांचा गुच्छ मुळासकट उपटला. माती झटकली. पान कुजून गेलं होतं, पण दोरा राहिला होता. पांढरा, दुहेरी, शेवटी गाठ.

तेवढ्यात काकू शेणाची पाटी घेऊन आली. मी दोरा तिच्या पुढ्यात धरला. "काकू, तुमी फेकता का माह्या आईचे करवंदं?"

ती दचकली, पण लपवलं नाही. खोटं बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं. पाटी खाली ठेवून, हात लुगड्याला पुसत, एखादा पदार्थ कसा करतात ते समजावून सांगावं तशी ती म्हणाली, "रागावू नको, पोरी. धुतलेली असतेत न ती. कोरड्याचं काई नसते, बोरं झाली, चिंचा झाल्या. पाणी लागलं का मंग नाई चालत. सासूबाई हायेत घरात. म्या त दरसाली इचारतो तुह्या आईले, धुतली त नाई ना म्हणून. ते म्हणते, तीनदा धुतली. मंग म्या काय करू?"

काय करू! म्हणजे दोष आईच्या स्वच्छपणाचा. ज्या पाण्यानं आई स्वतःला त्यांच्या बरोबरीची करू पाहत होती, त्याच पाण्यानं फळ बाटत होतं. आमची विहीर आटायची तेव्हा आई अर्धी बादली वाचवून ठेवायची, ज्येष्ठातल्या त्या तीन पाण्यांसाठी. काकूला काहीबाही बोलले असेन, शब्द आठवत नाहीत. ती खाली मान घालून उभी राहिली. वाईट बाई नव्हती ती, हेच तर दुखणं आहे. वाईट असती तर हिशेब सोपा होता.

घरी आले. आई यंत्रावर बसली होती, पाय चालू होता, पण सुईखाली कापड नव्हतं. मी थांबायला हवं होतं. तिनं मला दोन वाटा दाखवल्या होत्या, पाखरू आणि मुंगूस. त्यातली एक धरून मी गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. मला सत्याची मोठी चाड! मी दोरा तिच्या यंत्रावर टाकला आणि काकूचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. कोरडं चालतं, धुतलेलं चालत नाही. सासूबाई आहेत. दरवर्षी विचारतो. एक शब्द गाळला नाही. वरून म्हणाले, "पाच वर्षं फेकली तुझी करवंदं. पाच वर्षं तू त्यांच्या उकिरड्याले पाणी दिलं."

आईनं पाय थांबवला. दोरा उचलून गाठ पाहिली, जणू टाका सैल पडला आहे का ते तपासते. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "तुले काय भेटलं, सांगून?"

मी ओरडले, उद्यापासून तिला एक फळ तोडू द्यायचं नाही, लोणचं आलं तर वाटीसकट परत पाठवायचं, नाहीतर कुंपणच तोडून टाकू. बाबा शाळेतून आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि कपडे न बदलता खाटेवर बसून राहिले. "असंच हाय," एवढंच म्हणाले. आई स्वयंपाकाला लागली.

आठवडाभर चार वाजता कुंपणाशी कुणी उभं राहिलं नाही. मग काकूनं पलीकडून हाक मारली, सासूला ताप आहे, गुरुजींकडं गोळी आहे का. आईनं गोळी कागदात गुंडाळून दिली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला का म्हणून आपण होऊन विचारलं. महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं दिसू लागलं. मी आईशी नीट बोलत नव्हते. ती मला समजावत नव्हती. मला वाटायचं, ज्येष्ठ येऊ दे. तेव्हा ती काय करते ते पाहू. मनातून मला खात्री होती की ती काकूच्या तोंडावर सांगेल, या वर्षी पाखरांना सगळी.

ज्येष्ठ आला. फळ काळं झालं. मी परीक्षा देऊन घरीच होते. सकाळी आई टोपली घेऊन कुंपणाशी गेली आणि छातीच्या खालची फळं तोडू लागली. त्याआधी तिनं हात धुतले आणि कोरड्या फडक्यानं पुसले. पुन्हा पुसले. बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवलं. टोपली घेऊन आत आली, ती पाण्याच्या बादलीपाशी थांबली नाही. ओसरीत बसून तिनं द्रोण लावला. या वेळी दोऱ्यानं नाही. कडुनिंबाची काडी टोचून, सगळ्या बाया लावतात तसा. धूळ लागलेली, चिकाळलेली करवंदं तिनं त्यात भरली. एका फळाला कोळ्याचं जाळं चिकटलं होतं, ते तिनं फुंकून उडवलं.

मी म्हणाले, "आई, नको." ती निघाली.

कुंपणाशी जाऊन तिनं काकूला हाक मारली. काकू आली. माझ्या आईनं, जिनं आयुष्यभर कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही, तिनं द्रोण पुढं केला आणि काकूनं विचारायच्या आधीच मोठ्यानं सांगितलं, "धुतली नाईत हो, बाई, या साली. कोरडीच हायेत."

काकूनं द्रोण घेतला. क्षणभर आईकडं पाहिलं. मग त्यातलं एक करवंद उचलून पदराला घासलं आणि तिथंच, उभ्या-उभ्या तोंडात टाकलं. "गोड हायेत," म्हणाली. आणखी एक खाल्लं.

आई आत आली ती धावतच. चेहरा उजळलेला. तेवढा उजळलेला मी नंतर माझ्या लग्नातही पाहिला नाही. "पाह्यलं का तू? खाल्लं तिनं! माह्या पुढ्यात खाल्लं!" तिनं माझा हात धरला. तिची बोटं चिकानं चिकट झाली होती आणि त्यांवर माती होती.

मी सांगितलं नसतं, तर ती धुवत राहिली असती.